बुडबुडणारी बोअर

पेट्रोल पंप बंद पडतो, टाक्या उपसून नेतात, खड्डा भरून वर डांबर ओततात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं विषय मिटला. टाकीच्या सांध्यांतून आणि पाइपांच्या जोडांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं पेट्रोल मात्र खाली तसंच असतं. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात अशाच एका जुन्या पंपाखालची जमीन ओझोन सोडून साफ करता येईल का, हे तपासायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि कंपनीनं ते माझ्या गळ्यात घातलं. मी भूजलातली. पुण्यात भूशास्त्र शिकले, इथे येऊन पुढचं शिकले, आणि तेव्हापासून दुसऱ्यांनी सांडलेलं पेट्रोल शोधण्यावर माझं पोट चालतं.

जागेचे मालक गुजराती, सत्तरीचे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बेटा. त्यांना जागा विकायची होती, गिऱ्हाईकही तयार होतं, पण प्रदूषणाची केस बंद झाल्याचं सरकारी पत्र दाखवल्याशिवाय बँक कर्ज द्यायला राजी नव्हती. कॅलिफोर्नियात अशा सफाईचा बराचसा खर्च राज्याच्या एका निधीतून मिळतो. १९८९ च्या कायद्यानं उभा राहिलेला हा निधी जमिनीखालच्या टाक्यांत साठवलेल्या इंधनावर गॅलनमागे काही सेंट घेऊन भरला जातो. पैसे परत मिळतात हे खरं, पण आधी खिशातून घालावे लागतात. त्यामुळे काकांचं कागदपत्रांवर बारीक लक्ष.

एकदा त्यांनी दोन आकडे माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, यातला खरा कोणता? एक होता १ आणि दुसरा ३०००. दोन्ही बेंझीनचेच, म्हणजे पेट्रोलमधल्या एका विषारी द्रव्याचे, लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्यात कॅलिफोर्निया बेंझीन १ च्या वर चालवून घेत नाही. ३००० हा आकडा राज्याच्या २०१२ च्या 'कमी धोक्याच्या केसेस बंद करण्याच्या' धोरणातला. त्या धोरणात वेगवेगळे गट आहेत. त्यातल्या एका गटात बसायचं तर दूषित पाण्याचा पट्टा २५० फुटांपेक्षा आखूड हवा, सगळ्यात जवळची पिण्याच्या पाण्याची विहीर पट्ट्याच्या कडेपासून १००० फुटांपलीकडे हवी, बेंझीन ३००० च्या खाली आणि एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन) १००० च्या खाली हवा. शिवाय पट्टा वाढत नाही हे दाखवता आलं पाहिजे, आणि पाण्यावर तरंगणारं पेट्रोल उरलेलं नसलं पाहिजे. उरलेली सफाई निसर्ग करेल, थोड्या दशकांत, असा त्यामागचा हिशेब. आमच्या जागेवर टाकीच्या खड्ड्यालगतच्या एका बोअरमध्ये बेंझीन ३००० च्या बरंच वर होतं. ते खाली आणून खालीच ठेवायचं, एवढंच आमचं लक्ष्य. पिण्यालायक पाणी करून देतो असं आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं.

एमटीबीईचं थोडं सांगायला हवं. शिसं काढून टाकल्यावर पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला आणि धूर कमी करायला अमेरिकेत हे रसायन पेट्रोलमध्ये घालत. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही, आणि जिवाणूंनाही लवकर पचत नाही. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी त्यापायी बंद कराव्या लागल्या. कॅलिफोर्नियानं २००३ अखेर त्याला पेट्रोलमधून हद्दपार केलं. आमचा पंप त्याआधीच्या काळातला, त्यामुळे ते खाली होतंच. खणून काढावं तर शेजारची इमारत अगदी कडेला आणि मधून गटाराची आणि गॅसची लाइन. म्हणून ओझोन: तीन अणूंचा ऑक्सिजन, जो पेट्रोलला जमिनीतच जाळतो, म्हणजे त्याचं ऑक्सिडेशन करतो.

ओझोन पाण्यात मिनिटांच्या हिशेबात विरून जातो, त्यामुळे साठवून ठेवायची सोयच नाही. जागेवर बनवायचा आणि जागेवरच जमिनीत सोडायचा. त्याचं एक चांगलं असतं: पिंपं आणायची-न्यायची नाहीत, आणि काम संपल्यावर मागे उरतो तो ऑक्सिजन, जो जिवाणूंना हवाच असतो. विकणारे इथवर सांगून थांबतात. पुढचा हिशेब मात्र आपला आपण करावा. बेंझीनच्या एका ग्रॅमचं पूर्णपणे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करायला, ओझोनचे तिन्ही अणू कामी आले असं धरलं तरी, तीन ग्रॅमच्या वर ओझोन लागतो. पेट्रोलचा एक गॅलन भरतो सहा पौंडांच्या आसपास. आमचं चाचणीचं यंत्र दिवसाला पौंडभर ओझोन बनवणारं. म्हणजे ओझोनचा कणन् कण पेट्रोलवरच खर्च झाला तरी एका गॅलनला वीसेक दिवस! प्रत्यक्षात मातीतला सेंद्रिय अंश, लोह, मँगनीज, सगळे आपापला वाटा आधी काढून घेतात. म्हणूनच पाण्यावर पेट्रोल तरंगत असेल तिथे ओझोनच्या नादी लागू नये; आधी ते उपसावं. आमच्याकडे तरंगतं पेट्रोल उरलं नव्हतं.

जमिनीत काही सोडण्याआधी तिथलीच माती आणि तिथलंच पाणी काचेच्या नळकांड्यात घेऊन प्रयोगशाळेत त्यातून ओझोन सोडून पाहिला. पेट्रोल जळतं का, यापेक्षा मला धास्ती होती क्रोमियमची. सर्पेंटाइन हा हिरवट, गुळगुळीत दगड कॅलिफोर्नियाचा राज्य-दगड आहे, १९६५ पासून. खाडीभोवतीच्या डोंगरांत तो भरपूर, आणि त्यात क्रोमियम भरपूर. मातीतला तीन-संयुजी क्रोमियम निरुपद्रवी पडून असतो. ओझोन त्याला सहा-संयुजी करतो, आणि तो विषारीही असतो आणि पाण्याबरोबर वाहतोही. राज्यानं ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्यावर पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्याजवळ आणखी एक भीती असते: पाण्यातल्या ब्रोमाइडचा ब्रोमेट होतो. त्याचीही मर्यादा १०. काचेतल्या चाचणीत ब्रोमेट फारसा दिसला नाही, पण सहा-संयुजी क्रोमियम वर चढला. परवानगी देणाऱ्यांनी मग अट घातली की उताराच्या बाजूच्या बोअरांमध्ये क्रोमियमवर नजर ठेवायची आणि तो पुढे सरकताना दिसला तर यंत्र बंद. अट रास्तच होती. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं. क्रोमियमचा नमुना, टिकवणारं रसायन (बफर) घातलं नसेल तर, २४ तासांत तपासून व्हावा लागतो, म्हणून नमुने घ्यायच्या दिवशी कुरिअरवाल्याच्या वेळेवर आमची सगळी धावपळ बेतलेली असायची.

बोअर मारताना निघालेल्या मातीच्या नळ्या लांबीनं चिरून पाहणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग. वरचे काही फूट भराव. त्याखाली राखाडी, घट्ट चिकणमाती, हाताला साबणासारखी लागणारी, आणि तिला पेट्रोलचा जुना, किंचित गोडसर वास. वाफा मोजायचं हातातलं यंत्र तिथे टाहो फोडायचं. त्याखाली वाळूचा एक पट्टा, दोन-तीन फुटांचा, स्वच्छ पिवळसर, वास जवळजवळ नाहीच. मग पुन्हा चिकणमाती. ड्रिलर म्हणाला, "वाळू बघ किती छान आहे, गॅस मस्त जाईल." जाईल हो, पण पेट्रोल कुठे बसलंय?

ओझोन सोडायच्या नळीचं टोक आम्ही त्या वाळूत ठेवलं, पाण्याच्या पातळीखाली १३ फुटांवर. पाण्याच्या दर फुटाला ०.४३ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब, म्हणजे नुसतं पाणी बाजूला सारायलाच साडेपाच पीएसआयच्या वर दाब लागणार. फार वाढवावा तर माती फाटते आणि वायूला कायमची चोरवाट मिळते. म्हणून वरच्या मर्यादेचा व्हॉल्व्ह आधीच लावून ठेवला. पाइप स्टेनलेस स्टीलचे, नळ्या टेफ्लॉनच्या, वॉशर व्हायटनचे. साधं रबर ओझोनसमोर टिकत नाही, पाहता पाहता त्याला भेगा पडतात. आमचा टेक्निशियन या धंद्यात मुरलेला. भाड्यानं आलेल्या यंत्राचा प्रत्येक वॉशर त्यानं काढून, नखानं दाबून पाहिला आणि त्यातले दोन कचऱ्यात टाकले. यंत्राला ऑक्सिजन पुरवणाऱ्या लाइनला ग्रीसचं बोटही लागू द्यायचा नाही. शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की आग लागते, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं. हवेतला ओलावाही काढावा लागतो. ओल्या हवेत विजेच्या ठिणग्यांनी ओझोन कमी आणि नायट्रिक ॲसिड जास्त बनतं, आणि मग यंत्र आतून गंजतं.

ओझोनचा वास झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा. कामगारांसाठी आठ तासांची मर्यादा ०.१ पीपीएम आहे, आणि नाकाला तो त्याच्याही आधी कळतो. पण थोड्या वेळानं नाक मरतं, म्हणून त्याच्यावर विसंबून चालत नाही. भिंतीवरचा सेन्सर ०.१ ला यंत्र बंद पाडेल अशी जोडणी होती, शिवाय प्रत्येक सांध्याशी स्टार्च-आयोडाइडचा ओला कागद धरून पाहिला. गळती असली तर कागद निळा-जांभळा होतो. एका कोपराशी कागदाची कड हलकीशी निळी झाली. टेक्निशियननं काहीही न बोलता सांधा उघडून पुन्हा बांधला.

जमिनीत वायू सोडला की तो मातीतल्या पेट्रोलच्या वाफा पुढे ढकलतो, आणि त्या शेजारच्या इमारतीत शिरू शकतात. त्यासाठी वरच्या कोरड्या मातीतून हवा ओढून घेणारा पंप आणि त्यापुढे कोळशाचा फिल्टर आधीच चालू केला होता. या पंपाशिवाय वस्तीत ओझोन सोडायला मी तयार झाले नसते. त्यानं बजेट फुगलं, निधीवाल्यांनी दोनदा प्रश्न विचारले, पण त्यावर मी तडजोड केली नाही.

मग सुरुवात. थोडा वेळ सोडायचा, थोडा वेळ थांबायचं, असं आलटून-पालटून. सलग सोडला तर वायू एकच वाट धरून बसतो. मध्ये थांबलं की पाणी परत आत येतं आणि नव्या वाटा उघडतात. तासाभरात एका निरीक्षणाच्या बोअरमधून गुडगुड आवाज येऊ लागला. झाकण काढून टॉर्च मारला तर पाणी अक्षरशः उकळल्यासारखं बुडबुडत होतं. काका नेमके तिथे आलेले. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून मुलाला पाठवला. "चालू हो गया, बेटा!"

माझा चेहरा पडला. ओझोन वाळूचा पट्टा धरून सरळ त्या बोअरपर्यंत पोचला होता आणि तिच्या जाळीतून आत शिरून वर निघून जात होता. आता त्या बोअरमधलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी उरलं नव्हतं. बुडबुडे त्यातलं बेंझीन हवेत उडवून नेणार, ओझोन उरलेलं जाळणार, आणि नमुना येणार एकदम स्वच्छ. त्याच बोअरपासून हातभर लांबच्या मातीत काय चाललंय, याच्याशी त्या नमुन्याचा संबंध नाही. ओझोनच्या चाचण्यांचे कित्येक अहवाल मी वाचलेत. ज्यात पहिल्या काही आठवड्यांत नव्वद-पंच्याण्णव टक्के घट छापलेली असते, त्यात मी सगळ्यात आधी हेच शोधते की नमुन्याची बोअर बुडबुडत होती का. बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं.

काकांना हे सांगणं जड गेलं. ते म्हणाले, पाणी साफ झालं ना, मग कागदावर साफ लिही. मी म्हटलं, "काका, पत्र मिळाल्यावर वर्षभरात आकडा परत चढला तर केस पुन्हा उघडतात, आणि तेव्हा तुमचं गिऱ्हाईक वकील घेऊन येईल." वकिलाचं नाव काढल्यावर ते गप्प झाले.

आम्ही त्या बोअरला हवाबंद टोपी बसवली, तिला हिशेबातून वगळलं आणि लक्ष दुसरीकडे वळवलं. एक बोअर होती जिथे बुडबुडे नव्हते, पण पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन हळूहळू वाढत होता. नुसत्या हवेनं तो लिटरमागे आठ-नऊ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. इथे तो त्याच्या कितीतरी पुढे गेला, आणि ऑक्सिडेशनचा मीटर उण्यातून अधिकात आला. म्हणजे वायू नाही, पण त्याचं विरघळलेलं काम तिथवर पोचत होतं. नमुने घ्यायच्या आधी यंत्र बंद ठेवून पाणी निवू द्यायचो. नमुन्याच्या छोट्या बाटलीत, ४० मिलीलीटरच्या, हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये. उलटी करून टिचकी मारून पाहायची. ओझोनचा अंश उरला असेल तर तो निष्प्रभ करायचं औषध आधी घालायचं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच सफाई चालू राहते आणि श्रेय जमिनीतल्या कामाला मिळतं.

निकाल ज्या क्रमानं आले त्यावरून मला दिलासा वाटला. झायलीन, हेही पेट्रोलमधलंच एक द्रव्य, आधी उतरलं, बेंझीन त्यामागून. ओझोन झायलीनशी बेंझीनपेक्षा कितीतरी वेगानं भिडतो, त्यामुळे हा क्रम रसायनाचं काम दाखवतो. नुसत्या बुडबुड्यांनी उडून गेलं असतं तर दोन्ही साधारण बरोबरीनं उतरली असती, कारण पाण्यातून ती जवळपास सारखीच उडतात. एमटीबीई उतरलं आणि त्याच्या जागी टीबीए थोडं चढलं. हे त्याचं अर्धवट तुटलेलं रूप. ते चढलं नसतं तरच मला शंका आली असती. सहा-संयुजी क्रोमियम ओझोनच्या नळीजवळ वाढला, उताराच्या बोअरांपर्यंत मात्र पोचला नाही. पुढच्या मातीत ऑक्सिजन कमी होता, तिथे तो परत तीन-संयुजी होत गेला असावा.

या सगळ्याबद्दल पुण्यातल्या एका वर्गमैत्रिणीशी बोलणं झालं. भारतात २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम आले, तेव्हापासून तिच्याकडे अशी विचारणा होते. तिचा प्रश्न होता, आपल्या बेसाल्टमध्ये हे चालेल का? मला अवघड वाटतं. काळ्या पाषाणात पाणी फटींतून आणि मुरमातून वाहतं. वायू सगळ्यात मोठी फट धरणार आणि ती फट कुणाच्यातरी सोसायटीच्या उघड्या बोअरवेलमध्ये निघणार. तिथे आधी वायूच्या वाटा शोधायला हेलियमसारखा निरुपद्रवी वायू सोडून पाहावा, ओझोनचं नाव नंतर काढावं. ती म्हणाली, हेलियमचं बिल पास करून घेण्यातच वर्ष जाईल.

यंत्र बंद करून ते परत पाठवल्यावर खरी चाचणी सुरू झाली, असं मी कंपनीत म्हणायचे आणि लोक हसायचे. पण बंद झाल्यावर आकडे किती उलटतात हे पाहिल्याशिवाय ओझोनच्या चाचणीचा निकाल लागत नाही. वाळूतल्या बोअरांमध्ये बेंझीन खालीच राहिलं. टाकीच्या खड्ड्यालगतच्या बोअरमध्ये मात्र ते दर तिमाहीला चढत गेलं आणि जुन्या पातळीच्या निम्म्याच्याही वर जाऊन टेकलं. चिकणमातीत मुरलेलं पेट्रोल ओझोनला कधी भेटलंच नव्हतं. ते आता सावकाश वाळूत उतरत होतं. टोपी बसवलेली बोअर उघडली तर तिच्यातही तेच.

अहवालात मी दोन्ही लिहिलं. वाळूच्या पट्ट्यातला उताराकडचा भाग आणि एमटीबीई यांच्यासाठी ओझोन चालतो, आणखी दोन टोकं टाकून काही महिने चालवावा. खड्ड्यालगतच्या चिकणमातीसाठी चालत नाही, कितीही काळ चालवला तरी. ती उकरूनच काढावी लागेल. काउंटीच्या अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न बुडबुडणाऱ्या बोअरचे आकडे तक्त्यात का नाहीत असा विचारला. ते परिशिष्टात आहेत आणि का वगळले त्याचा परिच्छेद सोबत आहे, असं दाखवल्यावर पुढचा प्रश्न उकरण्याच्या खोलीबद्दल आला.

काका म्हणाले, मग ओझोनचे पैसे वाया गेले म्हणायचे. मी त्यांना नकाशा दाखवला: आधी अख्खा प्लॉट उकरावा लागेल असं वाटत होतं, आता फक्त खड्ड्याची एक कड. जागा घेणाऱ्याला तिथे नाहीतरी तळघरातलं पार्किंग करायचंच होतं. शेजारच्या इमारतीला टेकू देण्यासह ती कड उकरायचा खर्च त्यानं अंगावर घेतला आणि जागेच्या किमतीतून तेवढी रक्कम वळती करून मागितली. काकांनी दोन आठवडे घासाघीस केली, मग सही केली.